आजींच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी सामाजिक धोरण या विषयात पीएचडी पूर्ण केली. प्रबंधाचा विषय होता वृद्धांसाठीची पेन्शन योजना आणि पात्र असूनही तिच्याबाहेर राहिलेली माणसं. त्यासाठी ४१ जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या एका आजींचा अर्ज, दोन कागदांवर जन्मतारीख वेगवेगळी आहे म्हणून, तीनदा परत आला होता. मुलाखत संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "तू एवढं सगळं लिहून घेतलंस, त्याने माझी पेन्शन चालू होईल का गं?" मी "बघू, प्रयत्न करते" असं काहीतरी पुटपुटले. त्याला आता चार वर्षं झाली.

सध्या एका विद्यापीठात वर्षावर्षाच्या करारावर शिकवते. आठवड्याला १६ तास, वर पेपर तपासणं वेगळं. प्रबंधातून तयार केलेला एक शोधनिबंध जर्नलने ११ महिने ठेवून घेतला आणि नाकारला. दुसरा अजून समीक्षकांकडे आहे. शिकवण्यातच सगळा वेळ जातो, संशोधन मागे पडतं. आता योजनांचं मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेने नोकरी देऊ केली आहे. पगार जवळजवळ दुप्पट. माझे गाइड म्हणतात, एकदा विद्यापीठाबाहेर पडलीस की परत येणं कठीण. घरचे म्हणतात, अशी किती दिवस लोंबकळत राहणार? मला वेगळीच भीती वाटते. इथे राहिले काय किंवा तिथे गेले काय, मी लोकांच्या अडचणींचे नुसते कागद करत राहणार का?

— अधांतरी

उत्तर :

प्रिय अधांतरी,

तुम्ही विचारलंय नोकरीबद्दल, पण तुमचं पत्र अडलंय ते आजींपाशी. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं, "नाही आजी, याने चालू होणार नाही." ते त्या वेळी तोंडातून निघत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. समोरच्या माणसाने आपल्याला दोन तास दिलेले असतात, पेटीच्या तळातून कागद काढून दाखवलेले असतात. संमतीपत्रातलं 'या अभ्यासातून आपल्याला थेट लाभ होणार नाही' हे वाक्य आपण सुरुवातीला वाचून दाखवतो खरं, पण ज्या माणसाचा अर्ज तीनदा परत आलाय त्याला ते वाक्य ऐकू जात नाही. त्याच्या दृष्टीने बऱ्याच काळाने कोणीतरी वही-पेन घेऊन आलंय आणि कागद नीट बघतंय. मीही माझ्या पहिल्या फील्डवर्कमध्ये असंच पुटपुटले होते. तेव्हा तुम्हाला नावं ठेवायला मी बसलेली नाही.

पण एक विचारते. त्या अर्जाचं पुढे काय झालं?

पत्रावरून दिसतं की तुम्हाला माहीत नाही. अभ्यास चालू असताना संशोधकाने माहिती देणाऱ्याच्या प्रकरणात हात घालू नये असं आपल्याला शिकवतात, आणि ते उगाच नाही. मदत मिळेल या आशेने माणूस आपल्याला बरं वाटेल ते बोलू लागतो, आणि आपल्या रदबदलीमुळे कार्यालयाचं वागणंही बदलतं. मग आपण नेमकं काय पाहिलं हे सांगता येत नाही. ठीक. पण प्रबंध मंजूर होऊन दोन वर्षं झाली, आता तुम्हाला कोणतं पद्धतिशास्त्र अडवतंय? एक दिवस काढा आणि जा. आजी असतील तर त्यांना घेऊन त्या कार्यालयात बसा. वयाचा पुरावा म्हणून कोणता कागद वरचढ धरला जातो, नकार लेखी मागता येतो का, अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचं, हे तुम्हाला खिडकीमागच्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त ठाऊक असणार. चार वर्षं तुम्ही दुसरं केलंय काय? आणि आजी नसतील, तर तेही तुम्हाला कळलेलं बरं.

जाताना उपकार करायला निघाल्यासारखं जाऊ नका, एवढंच. देणं तुमच्या बाजूचं आहे. त्यांच्या दोन तासांवर तुमच्या नावामागे 'डॉ.' लागलंय.

आता दुसरी गोष्ट. ४१ जणांपैकी किती जणांचे अर्ज जन्मतारखेच्या घोळामुळे परत आले होते? प्रबंधात हे कुठेतरी असणारच. बहुधा पाचव्या प्रकरणात, एखाद्या भारदस्त मथळ्याखाली, तीन सिद्धान्तकारांच्या मधे चेंगरून बसलेलं. ते बाहेर काढा आणि त्याचं सहा पानी टिपण करा. नियम काय म्हणतो, खिडकीवर काय होतं, अर्ज नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो, आणि कोणता एक बदल केला तर तो सुटेल, एवढंच लिहायचं. अर्ज ज्याच्या टेबलावर येतो त्याला एका बैठकीत वाचून कळेल अशा भाषेत. ४१ मुलाखतींवरून टक्केवारी काढू नका, पहिल्याच आकडेमोड्या अधिकाऱ्याने ते टिपण बाजूला टाकलं तर तुमचीच चूक. पण अर्ज कसा अडतो हे दाखवायला ४१ मुलाखती भरपूर आहेत. एखादी चांगली नोंदलेली मुलाखतसुद्धा पुरते.

तुम्ही म्हणाल, सहा पानांना विद्यापीठात कोण विचारतं? बढतीच्या हिशेबात कोणी नाही. पण आपल्या विषयात लहान लिहिणं आणि मोठं लिहिणं यांची कामं निरनिराळी आहेत, आणि हे एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतं. पीटर टाउनसेंड आणि ब्रायन एबल-स्मिथ या दोन ब्रिटिश अभ्यासकांनी १९६५ मध्ये एक छोटी पुस्तिका काढली. कल्याणकारी राज्य आल्यावर ब्रिटनमधली गरिबी जवळजवळ संपली, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. या दोघांनी सरकारच्याच कौटुंबिक खर्चाच्या पाहण्या घेतल्या, त्या नव्याने मोजल्या आणि दाखवून दिलं की गरिबी संपलेली तर नाहीच, उलट ज्या घरांत माणूस कामाला जातो अशा घरांतली मुलंही तिच्यात आहेत. चर्चा पेटली. बालगरिबीवर काम करणारा 'चाइल्ड पॉव्हर्टी अ‍ॅक्शन ग्रुप' त्याच वर्षी उभा राहिला. याच टाउनसेंडने पुढे १९६८-६९ मध्ये देशभर एक मोठी पाहणी केली. तिचं पुस्तक आलं १९७९ मध्ये. मध्ये दहा वर्षं गेली, पानं हजाराच्या वर. अंगावर कपडा आणि पोटात अन्न आहे म्हणून माणूस गरीब नाही असं ठरत नाही. आपल्या समाजात चारचौघांसारखं जगण्यापुरती साधनं नसली तरी तो गरीबच, हा विचार त्या पुस्तकाने इतका मुरवला की आज तो कोणाचा आहे हेही अनेकांना ठाऊक नसतं. पुस्तिकेने भांडण सुरू केलं, ग्रंथाने भांडणाचे शब्द बदलले. तुम्ही आत्तापर्यंत फक्त ग्रंथाच्या बाजूने तयार झाला आहात. तो तुमचा दोष नाही, पीएचडीचा साचाच तसा आहे.

आणि 'माझ्या लिहिण्याने काही बदलतं का' हा हिशेब मांडायचाच असेल तर लांब मुदतीचा मांडा. तुमच्याच विषयाचं बघा. ब्रिटनमधल्या गरिबीचा अभ्यास करणारा चार्ल्स बूथ १८९० च्या दशकापासून वृद्धांना सरसकट पेन्शन द्या म्हणून लिहीत होता. त्याच वाटेवरच्या सीबोम राउंट्रीने १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातली कामगारांची घरं पिंजून काढली, आणि १९०१ च्या पुस्तकात मांडलं की शहरातली २८ टक्क्यांच्या आसपास माणसं दारिद्र्यात आहेत. माणूस गरिबीत कधी सापडतो, याचा त्याने आयुष्यभराचा आलेख काढला : लहानपणी, पोरं लहान असताना आणि म्हातारपणी. ब्रिटनमध्ये पेन्शनचा कायदा झाला १९०८ मध्ये. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. हे बूथ-राउंट्रीने केलं असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. त्याआधी १८८९ मध्ये जर्मनीत विम्याचा कायदा झाला होता, १८९८ मध्ये न्यूझीलंडने पेन्शन दिली होती. मजूर संघटना मागे लागल्या होत्या, मतदार बदलले होते. पण या माणसांनी मोजून ठेवलं नसतं तर भांडणाऱ्यांच्या हातात निव्वळ हळहळ उरली असती. कायदा होतो त्या दिवशी संशोधक बहुधा फोटोत नसतो. हे पटत नसेल तर हा व्यवसाय खरोखर सोडा. दुसरी पुष्कळ कामं आहेत ज्यांत संध्याकाळी काय झालं ते दिसतं.

१९०९ चा विषय निघालाच आहे तर एक सांगते, ते तुमच्या आजींसाठीच असल्यासारखं आहे. तो पेन्शनचा कायदा आयर्लंडलाही लागू झाला. तिथे जन्मनोंदणी सुरू झाली होती १८६४ मध्ये. म्हणजे १९०९ मध्ये सत्तरीच्या असलेल्या कितीतरी माणसांकडे सरकारी जन्मदाखला असणं शक्यच नव्हतं. मग वय ठरवायचं कसं? १८४१ आणि १८५१ च्या जुन्या जनगणनेच्या कागदांत नावं शोधली गेली. आणि दुसरी एक युक्ती निघाली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडमध्ये भयंकर वादळ झालं होतं, लोक तिला 'मोठ्या वाऱ्याची रात्र' म्हणत. ती रात्र आठवते म्हणणाऱ्याचं वय सत्तरच्या वर असणारच, म्हणून ती आठवण पुरावा म्हणून चालू लागली. साहजिकच ती रात्र 'आठवणारी' माणसं भराभर वाढली. हसू येतं, पण विचार करा : राज्य नागरिकाकडून असा कागद मागतं जो त्या नागरिकाच्या जन्माच्या वेळी राज्यानेच दिलेला नव्हता. तुमच्या आजींचं याहून वेगळं काय आहे?

हा किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगायचे. इथून मी तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यावर येते जे मला सगळ्यात खटकलं : "शिकवण्यातच सगळा वेळ जातो." चार वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नाने तुमची झोप उडवली, पण या वर्षी वर्गात बसलेल्या मुलांविषयी पत्रात एक अक्षर नाही. ती कोण आहेत? सामाजिक धोरण शिकणाऱ्यांतले फार थोडे प्राध्यापक होतात. बाकीचे खिडकीमागे जाऊन बसतात, संस्थांमध्ये जातात, वर्तमानपत्रांत जातात, कोणी सचिवालयात मसुदे लिहितात. मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० मध्ये मांडलं की शिक्षक, पोलीस, खिडकीवरचा कारकून ही माणसं धोरण नुसतं राबवत नाहीत. त्यांचे रोजचे निर्णय आणि आडवाटा मिळूनच लोकांच्या वाट्याला येणारं धोरण तयार होतं. तसं असेल तर तुमच्या १६ तासांत तुम्ही कोणाला घडवताय याचा हिशेब करा.

माझा एक विद्यार्थी असाच एका लाभाच्या योजनेच्या खिडकीवर लागला. वर्षभराने भेटायला आला तो आभार मानायला नव्हे, भांडायला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला शिकवलंत की नकार देणारा कारकून निबर असतो किंवा पूर्वग्रहाने वागतो. मी सांगू काय होतं? अपात्र माणसाला माझ्या सहीने पैसे गेले तर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो, वसुली माझ्या पगारातून होऊ शकते. पात्र माणसाला मी परत पाठवलं तर मला कोणी विचारत नाही. आता तुम्ही माझ्या जागी बसा." मी गप्प बसले. दोन प्रकारच्या चुका असतात, अपात्राला आत घेण्याची आणि पात्राला बाहेर ठेवण्याची, हे मी फळ्यावर पंधरा वर्षं काढत आले होते. पण पहिल्या चुकीची शिक्षा एका माणसाला होते आणि दुसऱ्या चुकीची नोंदसुद्धा होत नाही, ही साधी गोष्ट त्या पोराने मला शिकवली. पुढच्या वर्षी माझं ते व्याख्यान बदललं, आणि नंतर त्याच विचारावर एक बऱ्यापैकी निबंध झाला. शिकवणं संशोधनाचा वेळ खातं हे खरं, मी नाकारत नाही. पण माझे निम्मे चांगले प्रश्न वर्गातून आले, ग्रंथालयातून नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एक करून बघा. त्या पेन्शनचा कोरा अर्ज वर्गात न्या. आजींच्या कागदांसारखे काल्पनिक कागद तयार करा, दोन वेगळ्या जन्मतारखांसकट, आणि मुलांना २० मिनिटांत अर्ज भरायला सांगा. अर्धा वर्ग अर्जदार, अर्धा वर्ग खिडकीमागे. खिडकीमागच्यांना सांगा की चुकीची मंजुरी दिली तर गुण कापले जातील. त्यानंतर लिप्स्की समजावून सांगायची फारशी गरज पडत नाही.

आता नोकरी.

गाइडचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. बाहेर गेलेला माणूस परत येत नाही तो बहुतेकदा एवढ्यासाठी की मधल्या वर्षांत त्याच्या नावावर काही छापलं जात नाही. विषय म्हणाल तर तो बाहेरच्या माणसांनीच उभा केलाय. रिचर्ड टिटमसने विमा कंपनीत वर्षानुवर्षं कारकुनी केली, विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे नव्हती, आणि १९५० मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामाजिक प्रशासनाचा पहिला प्राध्यापक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. जिथे आरोग्यसेवेची गरज जास्त तिथेच ती कमी पोचते, हा 'उलट्या सेवेचा नियम' १९७१ मध्ये मांडला ज्युलियन ट्यूडर हार्टने. तो वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीतला डॉक्टर होता. (आजच्या ऑनलाइन अर्जात टिटमस पहिल्याच रकान्यात बाद झाला असता. म्हणून त्याच्या भरवशावर राजीनामा देऊ नका.)

घरच्यांचं म्हणणं तर मला पूर्ण बरोबर वाटतं. ज्या बाईने वृद्धांच्या पेन्शनवर प्रबंध लिहिला तिच्या स्वतःच्या पेन्शनचं काय? वर्षाचा करार, सुट्टीत पगार मिळेल न मिळेल, आजारपणाची रजा नाही, पुढच्या सत्रात नाव असेल का हे शेवटच्या आठवड्यात कळणार. सुरक्षिततेवर व्याख्यानं द्यायची आणि स्वतः असं जगायचं, हे आपल्या व्यवसायात इतकं अंगवळणी पडलंय की त्यातला विनोदही कोणाला दिसत नाही. वर्षावर्षाच्या करारावर १६ तास शिकवणं म्हणजे प्राध्यापकी करिअर नव्हे. ती प्राध्यापकीच्या नावाखाली चाललेली रोजंदारी आहे. विभागप्रमुखांना सरळ विचारा : येत्या दोन वर्षांत कायम जागा निघणार आहे का, आणि निघाली तर जाहिरात माझ्या विषयाची असेल का? उत्तर गोलमोल आलं तर ते 'नाही' असं समजा.

पण दुसऱ्या बाजूला उडी मारण्याआधी तिथला करार वाचा. पगाराचं पान सोडून बाकीची पानं. मी एकदा एका योजनेचं मूल्यमापन केलं होतं. अहवालातलं एक प्रकरण नाकारलेल्या अर्जांवर होतं. काम सोपवणाऱ्यांनी अहवाल १४ महिने दाबून ठेवला, आणि बाहेर आला तेव्हा ते प्रकरण त्यात नव्हतं, माझं नाव मात्र ठळक होतं. मला काहीच करता आलं नाही, कारण अहवाल आणि डेटा दोन्ही त्यांच्या मालकीचे आहेत असं मीच सही करून दिलं होतं. तेव्हा विचारा. डेटा कोणाचा? प्रतिकूल निष्कर्ष स्वतःच्या नावाने छापता येतील का, आणि किती महिन्यांनी? अभ्यासाचे प्रश्न तुम्ही ठरवणार की ठरवलेले मिळणार? ज्यांना लाभ मिळाला त्यांनाच भेटायचं, की ज्यांना मिळाला नाही त्यांनाही? हा शेवटचा प्रश्न विचारला की संस्था कशी आहे ते लगेच कळतं. लाभार्थ्यांच्या यादीतून नमुना निवडला की बाहेर राहिलेली माणसं अभ्यासातूनही बाहेर राहतात, आणि असे अहवाल ढिगाने निघतात. छापण्याची मुभा तोंडी देत असतील तर लेखी मागा.

मूल्यमापनाच्या कामाला मी हलकं समजत नाही. मेक्सिकोने १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' सुरू केली : मुलं शाळेत आणि दवाखान्यात गेली तर आईच्या हातात पैसे. अभ्यासासाठी ५०६ गावं घेतली. त्यांतल्या ३२० गावांत योजना आधी गेली, १८६ गावांत नंतर, म्हणजे फरक मोजता येईल. शाळेतली हजेरी वाढलेली दिसली. २००० मध्ये सत्तांतर झालं तरी योजना टिकली, वाढली, तिची नावं बदलत गेली, अनेक देशांनी तशाच योजना आणल्या. आणि २०१९ मध्ये नव्या सरकारने ती बंद केली. जगातल्या सगळ्यात बारकाईने तपासलेल्या योजनांपैकी ती एक होती. पुराव्याने योजनेला आयुष्य मिळालं, अमरत्व नाही. उलट महाराष्ट्राची रोजगार हमी बघा. १९६५ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकाराने तासगावात छोटा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशभरासाठी कायदा आला. तिथे तुलनेसाठी अशी वेगळी गावं काढलेली नव्हती. हातात कुदळ घेतलेली माणसं होती आणि कामाचा हक्क मागणारे मोर्चे होते. दोन्ही वाटा अभ्यासाच्या आहेत, त्यांतली कोणती तुमच्या स्वभावाची हे मला इथून दिसत नाही.

तरी माझं मत विचारलंय तर देते. छापण्याचं कलम लेखी मिळालं तर ती नोकरी घ्या. विद्यापीठात एक विषय, आठवड्यातून एकदा, पाहुण्या शिक्षकासारखा ठेवा; वर्गाशी संबंध पूर्ण तोडू नका. संस्थेला सुरुवातीलाच सांगा की ती अर्धी सकाळ माझी नाही. कलम मिळालं नाही तर अजून एक वर्ष आहात तिथे काढा, पण मग १६ तासांत चार नवे विषय घेऊ नका, त्याच विषयाच्या दोन तुकड्या मागून घ्या. तयारीचा वेळ अर्ध्यावर येतो. हे मागता येतं हे मला चाळिशीत कळलं.

नाकारलेल्या निबंधाचं काय केलंत हे पत्रात नाही. टेबलावर पडला असेल तर समीक्षकांचे अभिप्राय पुन्हा काढा. त्यातला एक बहुधा वैतागलेला असेल, तो सोडून द्या. दुसऱ्याने जिथे "हे कळलं नाही" म्हटलंय तेवढं दुरुस्त करा आणि महिनाभरात दुसऱ्या जर्नलकडे पाठवा. घरात ठेवलेला निबंध सुधारत नाही, शिळा होतो. आणि प्रस्तावनेतले पहिले दोन परिच्छेद उडवून बघा. शंभरातल्या नव्वद निबंधांना ते लागत नाहीत.

संस्थेकडे उत्तरासाठी १५ दिवस मागून घ्या. मागितले की देतात. त्या १५ दिवसांत आजींकडे जाऊन या. अर्ज नव्याने द्यावा लागला तर सोबत वयाच्या पुराव्याबद्दल एक साधं निवेदन जोडा, दोन्ही तारखा त्यात स्पष्ट लिहा, लपवू नका. आणि अर्ज दिल्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. आधीचे तीन अर्ज परत आले तेव्हा पोच घेतली होती का, हेही आजींना विचारा.